बारा शतांश मिलिमीटरचा पत्रा

म्हैसूरहून उटीला निघालेल्या मराठी पर्यटकांच्या गाड्या नंजनगूडच्या रस्त्याला लागतात, विमानतळ मागे टाकतात आणि थोड्याच वेळात कडकोळवरून पुढे जातात. गाडी इथे सहसा थांबत नाही. चामराजनगरच्या रेल्वेमार्गावरचे एक लहान स्टेशन, आजूबाजूला कारखान्यांच्या शेड, कंटेनर डेपो, मालट्रकांची ये-जा. टीव्हीएस मोटर कंपनीचा दुचाक्यांचा कारखाना ब्यातहळ्ळीत आहे. त्याचा टपाल पत्ता कडकोळचाच. आणखी दक्षिणेला नंजनगूडमध्ये ऑस्ट्रियाच्या एटी अँड एस कंपनीचा कारखाना आहे. इंडाल इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी १९९९ मध्ये विकत घेऊन ती इथे आली, आणि तिथे कोरे सर्किट बोर्ड तयार होतात. उलट दिशेला, म्हैसूर शहराच्या उत्तरेकडच्या मेटगळ्ळीत, १९८८ मध्ये सुरू झालेल्या केन्स टेक्नॉलॉजीसारख्या कंपन्या बोर्डांवर सुटे भाग चढवतात. कडकोळजवळच्या कोचनहळ्ळीत सर्किट बोर्डांचा खास उद्योगसमूह वसवण्याची योजनाही कर्नाटक सरकारने जाहीर केली आहे. एका रस्त्याच्या दोन टोकांना कोरा बोर्ड आणि पूर्ण झालेला बोर्ड, असा हा पट्टा.

या दोन अवस्थांच्या मधे एक पातळ पोलादी पत्रा उभा असतो. त्याचे नाव स्टेन्सिल. तयार वस्तूत तो कुठेही दिसत नाही, ग्राहक त्याच्यासाठी वेगळे पैसे मोजत नाही, आणि बिघाड झालाच तर दोष बहुधा बोर्डाला किंवा चिपला दिला जातो. पण बोर्ड जोडणाऱ्या कुठल्याही कारखान्यात विचारा, लाईनवरचे जुने लोक एकच सांगतील: निम्म्याहून अधिक दोष सोल्डरची पेस्ट छापण्याच्या पहिल्याच टप्प्यावर जन्माला येतात.

कोऱ्या हिरव्या बोर्डावर तांब्याचे लहान लहान चौकोन आणि गोल उघडे असतात. त्यांना पॅड म्हणतात. चिप, रेझिस्टर, कपॅसिटर यांचे पाय या पॅडवर बसायचे आणि सोल्डरने घट्ट व्हायचे. एका साध्या बोर्डावर असे काही शे पॅड असतात, गुंतागुंतीच्या बोर्डावर काही हजार. पूर्वी भागांचे तारेसारखे पाय बोर्डाच्या भोकांतून आरपार जात आणि खालून डाग दिला जाई. १९८० च्या दशकात भाग बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसवण्याची पद्धत सर्वत्र पसरली, भाग लहान होत गेले आणि पायांमधले अंतर अर्ध्या मिलिमीटरवर, पुढे त्याहूनही खाली आले. आता प्रत्येक पॅडवर हाताने सोल्डर लावणे शक्य नव्हते. सगळ्या पॅडवर एकाच वेळी, मोजून मापून सोल्डर ठेवण्याची काही तरी सोय हवी होती.

मार्केट यार्डात पोत्यावर मार्का मारायचा पत्रा ज्यांनी पाहिला आहे त्यांना स्टेन्सिलची मूळ कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. अक्षरे कापलेला पत्रा पोत्यावर ठेवायचा, वरून रंगाचा हात फिरवायचा, पत्रा उचलला की अक्षरे उमटलेली. फरक एवढाच, आणि तोच सगळे बदलून टाकतो, की पोत्यावर रंग कुठे पडला याला महत्त्व असते. बोर्डावर पेस्ट किती पडली यालाही तेवढेच महत्त्व असते. म्हणून इथे पत्र्याची जाडी हेच माप ठरते. सर्वसाधारण स्टेन्सिल १०० ते १५० मायक्रॉन जाड असते. १२० मायक्रॉन, म्हणजे बारा शतांश मिलिमीटर, ही नेहमी लागणारी जाडी. छिद्राची लांबी, रुंदी आणि पत्र्याची जाडी यांचा गुणाकार केला की त्या पॅडच्या वाट्याला येणारी पेस्ट निघते. पाव मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर लांब छिद्र असेल, तर १२० मायक्रॉनच्या पत्र्यातून ०.०४५ घन मिलिमीटर पेस्ट उतरायला हवी. त्यातली जवळजवळ निम्मी, भाग चढवल्यावर सोल्डर वितळवण्यासाठी बोर्ड ज्या भट्टीतून जातो, तिथे नाहीशी होणार असते.

ती का, हे समजण्यासाठी पेस्टकडे पाहावे लागते. सोल्डर पेस्ट ही राखाडी, दाट मलमासारखी दिसते, पण तिच्यात सोल्डरचे अतिसूक्ष्म गोल कण आणि फ्लक्स यांचे मिश्रण असते. वजनाने बघितले तर ८८ ते ९० टक्के धातू. आकारमानाने बघितले तर साधारण निम्माच, कारण धातू जड आणि फ्लक्स हलका. फ्लक्स तांब्यावरचा ऑक्साईडचा थर काढतो आणि गरम झाल्यावर बराचसा उडून जातो किंवा सांध्याच्या कडेला उरतो. कण किती बारीक, यावरून पेस्टचे प्रकार पडतात. टाइप ३ मध्ये कण २५ ते ४५ मायक्रॉनचे, टाइप ४ मध्ये २० ते ३८ मायक्रॉनचे. धंद्यातला एक जुना ठोकताळा आहे: सर्वांत अरुंद छिद्राच्या रुंदीत किमान पाच कण शेजारी शेजारी मावले पाहिजेत. टाइप ३ चा मोठ्यात मोठा कण ४५ मायक्रॉनचा, तेव्हा छिद्र सव्वादोनशे मायक्रॉनपेक्षा अरुंद झाले की बारीक पेस्ट घ्यावी लागते. ती महाग असते, आणि कण बारीक म्हणून ऑक्साईड होण्यासाठी पृष्ठभागही जास्त.

पेस्टचा डबा फ्रिजमध्ये ठेवतात, साधारण २ ते १० अंश सेल्सिअसला. वापरण्याआधी तो बाहेर काढून काही तास बंदच ठेवायचा. थंड डबा लगेच उघडला तर हवेतले बाष्प पेस्टवर जमते आणि भट्टीत ते पाणी उकळून सोल्डरचे बारीक गोळे इकडेतिकडे उडतात. मुंबईच्या पावसाळ्यात हे भान विशेष ठेवावे लागते. म्हैसूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, तिथली हवा सौम्य. तरी छपाईच्या खोलीत तापमान आणि आर्द्रता ठरलेल्या मर्यादेत ठेवण्यापासून कुणाची सुटका नाही.

सोल्डरचे मिश्रणही बदलले. जुन्या सोल्डरमध्ये ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असे, आणि ते १८३ अंशांना वितळे. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर बंदी आणली. आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या बिनशिशाच्या मिश्रणात ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबे असते. ते २१७ अंशांच्या पुढे वितळते. शिशाचे सोल्डर वितळले की पॅडवर आपोआप पसरायचे. बिनशिशाचे तसे पसरत नाही. पेस्ट जिथे ठेवली, तिच्या आसपासच ते राहते. म्हणजे ब्रुसेल्सच्या कायद्याचा भार शेवटी पत्र्यातल्या भोकावर आला: पूर्वी छपाई थोडी इकडेतिकडे झाली तरी चालून जाई, आता पॅडचा कोपराही पेस्टने झाकावा लागतो.

आता सगळ्यांत कळीची गोष्ट. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, छिद्र भरणे हे अवघड काम असेल. भरणे सोपे आहे. अवघड आहे ते सुटणे. पेस्ट छिद्रात भरली की ती दोन गोष्टींना चिकटते: खाली पॅडला आणि चारही बाजूंनी छिद्राच्या भिंतींना. पत्रा वर उचलला जातो तेव्हा या दोघांत रस्सीखेच होते. पॅडची ओढ जास्त असेल तर पेस्ट बोर्डावर राहते. भिंतींची जास्त असेल तर ती पत्र्याबरोबर वर जाते. म्हणून छिद्राच्या तोंडाचे क्षेत्रफळ भागिले भिंतींचे क्षेत्रफळ हे गुणोत्तर काढतात. ते ०.६६ च्या वर असावे, हा जगभर पाळला जाणारा दंडक आहे आणि आयपीसी या संस्थेच्या ७५२५ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत तो दिलेला आहे.

एक उदाहरण कागदावर सोडवून पाहता येते. गोल छिद्रासाठी हे गुणोत्तर म्हणजे व्यास भागिले जाडीची चौपट. चिपच्या पोटाखाली सोल्डरचे गोळे असतात अशा बीजीए चिपसाठी पाव मिलिमीटर व्यासाचे छिद्र घेतले. पत्रा १२० मायक्रॉनचा असेल तर उत्तर येते ०.५२, पेस्ट अडकणार. १०० मायक्रॉनला ०.६२५, कधी सुटेल, कधी नाही, आणि कारखान्याला ‘कधी’ हा शब्दच परवडत नाही. ८० मायक्रॉनला ०.७८, सुटेल. पण त्याच बोर्डावर एखादा जाडजूड कनेक्टर असतो, त्याला भरपूर सोल्डर हवे, आणि ८० मायक्रॉनच्या पत्र्यातून ते पुरे पडत नाही. मग एकाच पत्र्यात काही भाग पातळ आणि काही भाग जाड ठेवलेली पायरीची स्टेन्सिल करतात, किंवा कनेक्टरची छिद्रे पॅडबाहेर थोडी वाढवून तूट भरून काढतात.

पत्र्यात ही छिद्रे पाडण्याचे तीन मार्ग आहेत. सुरुवातीला रसायनाने कोरण्याचा मार्ग होता. दोन्ही बाजूंनी आम्ल धातू खात जाते, त्यामुळे भिंतीच्या मध्यावर एक धारदार कंगोरा उरतो. पेस्ट नेमकी त्यालाच अडते. १९९० च्या दशकात लेझरने ही जागा घेतली आणि आज बहुतेक स्टेन्सिल लेझरवरच कापल्या जातात. तिसरा मार्ग निकेल वाढवण्याचा: छिद्रांच्या जागी खांब उभे करून त्यांच्याभोवती विद्युत विलेपनाने निकेलचा थर जमवतात, मग खांब काढून टाकतात. भिंती अतिशय गुळगुळीत येतात, पण खर्च आणि वेळ दोन्ही जास्त लागतात.

लेझरच्या कामात पोलादाचा ताणलेला पत्रा टेबलावर बसवला जातो आणि काही दशांश सेकंदात एकेक छिद्र कापले जाते. कापण्याची बाजूही ठरलेली असते. लेझरचा किरण जिथून शिरतो तिथे छिद्र किंचित रुंद होते आणि पलीकडे किंचित अरुंद. म्हणून पत्रा उलटा ठेवून, बोर्डाला टेकणाऱ्या बाजूने कापतात. मग छपाईच्या वेळी छिद्र खाली रुंदावत जाते आणि पेस्ट सुटायला वाट मिळते. कापल्यावर कडेला वितळलेल्या धातूची बारीक खर उरते. ती घासून काढायची, गरज असेल तर विद्युत पॉलिश करायचे, काही वेळा पेस्ट चिकटू नये म्हणून खालच्या बाजूला अतिसूक्ष्म लेपही द्यायचा. शेवटी पत्रा पॉलिस्टरच्या जाळीला चिकटवून ॲल्युमिनियमच्या पोकळ चौकटीवर डफासारखा ताणतात. मोठ्या छपाई यंत्रांची चौकट ७३६ मिलिमीटरची, म्हणजे २९ इंचांची. लाईनवर तिला ‘ट्वेंटी-नाईन बाय ट्वेंटी-नाईन’ म्हणतात.

या सगळ्याच्या आधी एक माणूस संगणकासमोर बसलेला असतो, आणि खरी कारागिरी त्याची. बोर्डाचा आराखडा त्याच्याकडे गर्बर फाईलच्या रूपात येतो. जोसेफ गर्बर हे व्हिएन्नात जन्मलेले ज्यू. १९४० मध्ये नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेला पोहोचले आणि पुढे रेखाटन यंत्रांचे मोठे संशोधक झाले. त्यांच्या यंत्रांसाठी बनलेली फाईलची भाषा आज जगभरच्या बोर्डांची भाषा आहे. पण त्या फाईलमधली छिद्रे जशीच्या तशी कापणारा स्टेन्सिलवाला चांगला नव्हे.

एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद रेझिस्टर घ्या, धंद्यात त्याला ०४०२ म्हणतात. त्याच्या दोन टोकांना दोन पॅड. एका पॅडवरचे सोल्डर दुसऱ्याच्या क्षणभर आधी वितळले, तर द्रवाचा पृष्ठताण त्या टोकाला खेचतो आणि रेझिस्टर थडग्याच्या दगडासारखा उभा राहतो. दोष दिसतो तो भट्टीतून बाहेर आल्यावर, पण बऱ्याचदा त्याचे मूळ दोन पॅडवरच्या पेस्टच्या असमान प्रमाणात असते. अशा भागांच्या छिद्रांचा आतला कोपरा कापून त्यांना क्रिकेटच्या नव्हे, बेसबॉलच्या मैदानावरच्या होम प्लेटचा पंचकोनी आकार देतात. मग पेस्ट भागाच्या पोटाखाली दाबली जात नाही आणि कडेला सोल्डरचे मणी सुटत नाहीत. दुसरे उदाहरण सपाट चिपच्या पोटाखालच्या मोठ्या पॅडचे. उष्णता बाहेर काढण्यासाठी तो असतो. तिथे एक मोठे छिद्र ठेवले तर पेस्ट इतकी होते की चिप तरंगते आणि तिच्या कडेचे पाय सुटतात. शिवाय फ्लक्सच्या वाफेला बाहेर जायला वाट नसल्याने सोल्डरमध्ये पोकळ्या राहतात. म्हणून त्या छिद्राच्या जागी खिडकीच्या तावदानांसारखे लहान चौकोन कापतात, आणि एकूण पॅडच्या साधारण ५० ते ७० टक्के भागावरच पेस्ट ठेवतात. या निर्णयांची सूत्रे आहेत, पण ती अनुभवावाचून पुरत नाहीत.

छपाईचा क्षण थोडक्यात संपतो. बोर्ड पट्ट्यावरून यंत्रात येतो, खालून टेकू लागतो. पत्रा आणि बोर्ड यांच्यामध्ये कॅमेरा शिरतो आणि दोघांवरच्या खुणेच्या ठिपक्यांची जुळणी करतो. बोर्ड वर उचलला जाऊन पत्र्याला टेकतो. मग पोलादी पात्याचा स्क्वीजी साधारण ६० अंशांच्या कोनात पेस्टला ढकलत निघतो. इथे पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे पेस्टचा लोळ. ती नुसती सरकता कामा नये. पात्यापुढे ती गोल गोल लोळत जायला हवी. लोळताना तिच्यावर ताण पडतो, ती पातळ होते आणि छिद्रात उतरते. ताण गेला की पुन्हा घट्ट होऊन आपला आकार धरते. पेस्ट जुनी झाली, सुकली किंवा पत्र्यावर फारच थोडी उरली, की लोळ मोडतो आणि ऑपरेटरला तो लगेच दिसतो. पात्यामागे पत्रा स्वच्छ चकचकीत राहिला पाहिजे. दाब कमी असेल तर वर पेस्टचा थर उरतो; जास्त असेल तर पाते मोठ्या छिद्रांतली पेस्ट उकरून नेते. यानंतर बोर्ड हळूच खाली उतरतो, आणि आधी सांगितलेली रस्सीखेच निकालात निघते.

या निकालाचे परिणाम रस्त्यावरच्या दुचाकीपर्यंत पोचतात. वाहनांच्या धुरासंबंधीची बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली आणि दुचाक्यांमधल्या कार्ब्युरेटरची जागा बहुतांश ठिकाणी इंधन इंजेक्शनने घेतली. इंजेक्शन म्हटले की त्याच्यामागे नियंत्रण करणारा बोर्ड आला. गावातल्या मेकॅनिकने कार्ब्युरेटर खोलून साफ करायचा तो काळ मागे पडला. आता गाडी पहाटेच्या थंडीत सुरू होईल की नाही, हे एका बोर्डावरच्या सोल्डरच्या सांध्यांवर अवलंबून असते. इंजिनाजवळची उष्णता, रात्रीचा गारवा आणि खड्ड्यांतले हादरे ते वर्षानुवर्षे सोसतात. पेस्ट कमी पडलेला सांधा कारखान्यातल्या तपासणीत पास होऊ शकतो. विजेचा प्रवाह त्यातून जातो, दिवा लागतो, सगळे ठीक दिसते. तो तुटतो दोन पावसाळ्यांनंतर, शेतावर जाणाऱ्या रस्त्यावर. कडकोळसारख्या दुचाक्यांच्या गावात स्टेन्सिलबद्दल बोलताना हे आठवणे भाग आहे.

म्हणून छपाईनंतर लगेच त्रिमितीय तपासणीचे यंत्र लावतात. ते प्रत्येक पॅडवरच्या पेस्टची उंची, पसारा आणि आकारमान मोजते. चूक इथे सापडली तर बोर्ड धुऊन पुन्हा छापता येतो. भाग चढून भट्टीतून गेल्यावर तीच चूक सुधारायला गरम हवेचे यंत्र, कुशल हात आणि बराच वेळ लागतो. आकडे नीट वाचले तर यंत्र पत्र्याचीही तब्येत सांगते. एकाच कोपऱ्यातली छिद्रे सतत कमी भरत असतील तर पत्र्याचा ताण सैल झालेला असतो किंवा खालचा टेकू चुकलेला असतो. दर काही बोर्डांनंतर मापे वाढत जात असतील तर पत्र्याखाली पेस्ट साचली आहे. ती पुसायची वेळ झाली.

लहान कारखाने, स्टार्टअप आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना एवढा सरंजाम परवडत नाही, आणि पहिल्या पाच-दहा बोर्डांना तो लागतही नाही. ते चौकटीविना सुटा पत्रा मागवतात, किंवा पॉलिइमाइडच्या पिवळ्या फिल्मवर लेझरने छिद्रे पाडून घेतात. बोर्डाच्या चारही बाजूंना त्याच जाडीचे रद्दी बोर्ड चिकटवायचे, म्हणजे पत्रा लोंबत नाही. एका कडेने चिकटपट्टीची बिजागरी करायची आणि पाते एकाच दमात, एकाच दाबाने ओढायचे. अर्धा मिलिमीटर अंतराच्या पायांपर्यंत अशी हाताची छपाई निभावते. अनेक भारतीय उत्पादनांचे पहिले नमुने असेच तयार होतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पत्रा टाळणारे यंत्रही आले आहे. स्वीडनच्या मायक्रॉनिक कंपनीचे जेट प्रिंटर पेस्टचे थेंब नेमक्या जागी उडवते. आराखडा बदलला तर फक्त फाईल बदलायची. थोडे बोर्ड आणि सतत बदलणारे काम असेल तिथे ते सोयीचे. पण एका हातात सगळे पॅड भरणाऱ्या पत्र्याच्या वेगाशी थेंबाथेंबाची बरोबरी होत नाही, त्यामुळे मोठ्या उत्पादनात पत्रा अजून पक्का आहे.

केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि तिच्यात बहुस्तरीय सर्किट बोर्डांचाही समावेश आहे. बोर्डांच्या कारखान्यांची बातमी होते. स्टेन्सिल कापणाऱ्या छोट्या कार्यशाळेची होत नाही. तरी हिशेब तिच्याशिवाय जुळत नाही. आराखडा पक्का होईपर्यंत स्टेन्सिल कापता येत नाही, आणि स्टेन्सिल येईपर्यंत पहिला बोर्ड छापता येत नाही. कोरे बोर्ड आलेले, भागांची रिळे यंत्रावर चढलेली, माणसे हजर, आणि सगळे अडते ते या एका पत्र्यापाशी. एक पॅड दोन दशांश मिलिमीटर सरकवला तरी जुनी स्टेन्सिल रॅकवरून उतरते आणि नवी मागवावी लागते. म्हणून प्रत्येक पत्र्याच्या कोपऱ्यात उत्पादनाचे नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि जाडी कोरलेली असते. चुकीच्या आवृत्तीचा पत्रा चढला तर शेकडो बोर्ड वाया जाऊ शकतात. अशा वेळी लेझर पाचशे किलोमीटरवर असण्यापेक्षा त्याच औद्योगिक वसाहतीत असणे किती मोलाचे, हे कुठल्याही उत्पादन व्यवस्थापकाला विचारावे. आदल्या संध्याकाळी पाठवलेल्या फाईलची चौकट दुसऱ्या दिवशी दारात येते, आणि येते ती सपाट खोक्यात, पत्र्याला कशाचाही स्पर्श होणार नाही अशी बांधून. टेम्पोतल्या एका धक्क्याने पत्र्याला पोचा आला तर तो सरळ करता येत नाही. त्या जागी पत्रा बोर्डाला नीट टेकत नाही, फटीतून पेस्ट पाझरते, शेजारचे दोन पाय सोल्डरने जोडले जातात आणि नवा पत्रा कापायची ऑर्डर त्याच दिवशी निघते.